गंगव्वाचा वकील

कन्नड मुलखातल्या मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवर गंगव्वाची खानावळ सव्वीस वर्षं चालली, ती तिच्या भाकरीइतकीच तिच्या जिभेवर. मराठी ड्रायव्हरला मराठीत, कंडक्टरला कन्नडमध्ये आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याला दखनीत ती एका दमात झापायची. हिला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं गाव म्हणायचं. गावाचं काय, गाव काहीही म्हणतं.

गुडघे गेले तेव्हा तिनं रस्त्याकडचं घर विकायचं ठरवलं. मागचं परसू, त्यातली एक खोली आणि बोअर मात्र ठेवायचं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मरेपर्यंत डोक्यावर तेवढं छप्पर तिला पुरे होतं. घेणारा कल्लप्पा नात्यातला, तिच्या दिराचा मेहुणा. अक्का, अक्का करत वर्षानुवर्षं तिच्याच हातची भाकरी खाल्लेला.

"कागद मी दानेश्वरी वकिलीणबाईला दाखवणार," गंगव्वानं पहिल्याच बैठकीत सांगितलं. "घर माझं, तर वकीलबी माझा."

कल्लप्पाचा चेहरा उतरला आणि लगेच हसरा झाला. ते हसू काही चांगलं नव्हतं.

"आप्पाराव वकील दोघांचंबी बघायलेत की, अक्का. घरातल्या घरात दोन वकील कामून? लोक म्हणतील, अक्काचा माझ्यावर भरोसा न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तिचं दार वाजायला लागलं. आधी जाऊ उमादेवी आली, मग गल्लीतला रेवणसिद्ध अण्णा. घरातल्या घरात दोन वकील कामून, हेच प्रत्येकाच्या तोंडी. वेगवेगळ्या तोंडांतून एकच वाक्य यायला लागलं की समजावं, ते कुणीतरी शिजवून वाढलंय. गंगव्वालाही ते समजलं आणि तिला भीती वाटली. तरी ती हटली नाही.

शेवटी कल्लप्पाच नमला.

"आणा तुमचा वकील, अक्का. तुमी मेहकरच्या, मराठी शाळंतल्या. कन्नड कागद तुमाला कुठून कळंल?"

इथंच घात झाला. सव्वीस वर्षं ज्या जिभेनं तिला तारलं, ती जीभ आता सुटली.

"मला कन्नड येत न्हाई? तुझ्या बापाला कन्नडमधून शिव्या घातल्यात मी. दोनदा वाचून दाखव म्हणावं तुझ्या आप्पारावला. न्हाई लागत मला वकील."

कन्नड तिच्या कानात होतं, डोळ्यांत नव्हतं. कन्नड अक्षर तिला ओळखता येत नव्हतं, आणि आजवर त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं.

रजिस्ट्री कचेरीच्या व्हरांड्यात आप्पारावनं खरेदीखत संथपणे वाचलं. चारी दिशांच्या हद्दी आल्या, त्या तिनं बोटांवर मोजल्या. मग तो म्हणाला, "हित्तलु रहित." हित्तलु म्हणजे परसू. परसू वगळून.

"पुन्हा वाचा."

"हित्तलु रहित."

सहित, रहित हे शब्द मराठीतही तेच, त्यामुळे तिला शंका उरली नाही. कल्लप्पा मात्र तिच्याकडे बघतच नव्हता. ते तिच्या ध्यानात आलं, मनात काहीतरी खटकलंही, पण आता मागं फिरायची तिला लाज वाटली. तिनं प्रत्येक पानावर मराठीत सही केली.

बाराव्या दिवशी सकाळी माणसं तारेचं कुंपण घेऊन परसात शिरली आणि बोअरभोवती खड्डे खणू लागली. कल्लप्पा मागून आला.

"गंगव्वा, पंधरवड्यात खोली रिकामी कर," तो म्हणाला. अक्का नाही, अहोजाहो नाही.

दानेश्वरी वकिलीणबाईनं खरेदीखताची नक्कल वाचली आणि चष्मा काढला.

"हितं 'हित्तलु सहित' लिवलंय, अव्वा. परसासकट."

"त्यानं रहित वाचलं. दोनदा वाचलं."

"तोंडानं वाचलेलं कागदावर ऱ्हात न्हाई. फसवणुकीचा दावा लावता येतो, पण तुमचा वकील कोण व्हता, हे कोर्ट पयलं विचारतंय." तिनं शेवटचं पान उलटलं आणि ती थांबली. मग एकेका शब्दावर बोट ठेवत तिनं मराठीत सांगितलं, "विकणारीनं राजीखुशीनं आप्पाराव हाच आपला वकील निवडला असून, दुसरा वकील लागत नसल्याचं तिनं स्वतः सांगितलं."

खाली गंगव्वाची सही होती. त्या पानावर तिला वाचता आली ती तेवढीच.

तिनं आपल्या सहीवरून बोट फिरवलं.

"हे मात्र त्यानं खोटं लिवलं न्हाई," ती म्हणाली.