वेशीवरचा हात

सासऱ्यांच्या गावाच्या अलीकडे एक नाला लागतो. त्या नाल्यावर बसून मी तापाची गोळी गिळली होती. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

त्या उन्हाळ्यात फ्लूची साथ आली होती. मी चांद्याला लाकडाच्या डेपोत कारकून होतो. डेपोतली निम्मी माणसं अंथरुणावर होती. माझंही अंग मोडून आलं, घसा खवखवू लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, की गोळीनं ताप उतरेल, आजार जाणार नाही. घरीच पडून राहा, पाणी भरपूर प्या, लेकरं आणि म्हातारी माणसं यांच्या जवळपासही जाऊ नका. मी मान डोलावली आणि दुसऱ्या सकाळी गडचिरोलीकडे निघालो.

बायको बाळंतपणाला माहेरी होती, धानोऱ्याकडच्या जंगलात. मुलगी झाल्याचा निरोप आला होता, त्यानंतर काहीच नाही. साथ तिथवर पोचली असेल तर? या एका भीतीनं मला बसवेना. ती साथ मीच घेऊन चाललो होतो, हेही कळत होतं. तरी डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, पुढे मिळेल त्या बैलगाडीनं आणि पायी गेलो.

गावानं वाट बंद केली होती. वेशीवर आडवा बांबू, आणि शेजारी खुद्द सासरे बसलेले. येणाऱ्याच्या कपाळाला हात लावायचा. गार लागलं तर आत, नाहीतर माघारी. जावयालाही तोच नियम. गोळीनं मला घाम फुटला होता. खोकला गळ्याशी येऊन बसला होता आणि मी तो गिळत उभा होतो.

त्यांनी तळहात ठेवला, मग उलटा करून पुन्हा ठेवला.

"थंडा हाय," ते म्हणाले. "चांद्यात लय लोक पडले म्हंतेत. तुमाले काई नाई न, जावईबापू?"

"नाई मामाजी. मले काय होते?"

ते हसले. "बराबर हाय. बिमारीलेबी जावयाचा मान ठेवा लागते."

मुलीला मी हातात घेतलं नाही. अंगावर धूळ आहे म्हणालो, दारातूनच पाहिलं. मुलगी झाली म्हणून मी असा वागतोय असं बायकोला वाटलं. ती तोंड फिरवून बसली. दोघींपासून मी लांबच राहिलो. पण सासऱ्यांच्या शेजारी जेवलो, त्यांच्याच खाटेला खाट लावून झोपलो. पहाटे खोकला आवरेना. ते उठले, तांब्या पुढे केला. ठसका लागला, असं मी सांगितलं.

थोड्याच दिवसांत ते तापले, मग घरोघरी माणसं पडली. अडुळशाचा काढा, सुंठेचा लेप, सगळं झालं. बहुतेक जण उठले. मी दाराबाहेर बसून मुलीच्या श्वासाकडे कान लावायचो. तिला काही झालं नाही. सासऱ्यांची मात्र छाती भरली. धानोऱ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, पण ते वाटेतच गेले. कपाळावर ठेवलेला तोच हात माझ्या हातात होता, आणि तो भाजत होता.

मग गाव कारण शोधू लागलं. एक एकटी विधवा मीठ संपलं म्हणून आडवाटेनं बाजाराला जाऊन आली होती. ती कधी खोकलीसुद्धा नव्हती, तरी सगळ्यांचं बोट तिच्याकडे वळलं. तेरवीला अंगणात तिला उभं केलं. ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमी शिकलेले आहा. मी तं धडधाकट हावो. माह्यापासून कसा येईन आजार? तुमीच सांगा यायले."

दुसरी गोळी अजून माझ्या खिशात होती.

"मले काय मालूम, बाई," मी म्हणालो.

विहिरीवर तिला कुणी येऊ देईना. पावसाळ्याच्या तोंडाशी ती भावाच्या गावी गेली, ती परतली नाही.

मुलीला आता स्वतःचं लेकरू आहे. घरात कुणी शिंकलं तरी मी त्याचं अंथरूण वेगळं करायला लावतो, ताप उतरल्यावरही बाहेर जाऊ देत नाही. बाबा फार भितात, असं म्हणून ती हसते.

ती बाई अजून आहे, भावाकडेच. आजार मी आणला होता, तिनं नाही, हे त्या गावात चारचौघांत, तिच्या आणि माझ्या बायकोच्या समोर सांगणं माझ्याकडे बाकी आहे.