उभ्या सुताची खळ

बाळांनो, गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजातली बुरशीची प्रयोगशाळा बंद झाली. मीही थकले आहे, म्हणून तिथल्या शिपायाबद्दल आजच लिहिते.

ते विणकराच्या घरातले. मी शिकवायचे, "हीच बुरशी कधी सुटे गोल दाणे होते, कधी लांब धागा. धाग्याच्या पेशीभिंतीत तिला बळकटी देणारं कायटिन जास्त असतं." मागे काचनळ्या पुसत ते म्हणायचे, "मागावर उभ्या सुताला पिठाची खळ लागतीच की, म्याडम! न्हायतर तुटतंय." मुलं पेपरात कायटिनऐवजी 'खळ' लिहायची आणि मी गुण कापायचे. आज कापले नसते.

प्रयोगशाळा बंद करताना बुरशी वाढवलेल्या नळ्या उकळून फेकायचं ठरलं, तेव्हा ते प्राचार्यांना म्हणाले, "साहेब, जित्ती हाय ती. बार्शीच्या कॉलेजला देऊ की." एक नळी घेऊन ते स्वतः एसटीने गेले.

बाकीच्या उकळल्या. ती एक बुरशी बार्शीत वाढते आहे.