बाबांच्या रक्ताचे दोन रिपोर्ट

बाबा रोह्याजवळच्या आमच्या गावात भात आणि वाल पिकवायचे आणि मी पेणला शाळेत शिकवायचे. घरात शिकलेली मी एकटीच. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाबा सारखे लघवीला जायला लागले, तेव्हा त्यांना पेणच्या डॉक्टरांकडे न्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मला त्याची घमेंडही होती, खोटं कशाला बोलू.

आधी पीएसए नावाची रक्ततपासणी झाली. प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर असला तर तो आकडा वाढतो, पण ग्रंथीला नुसती सूज आली तरी वाढतो. बाबांचा वाढला होता. डॉक्टर म्हणाले, "लगेच सुई घालून तुकडा काढायला नको. रक्ताचीच आणखी एक तपासणी आता मुंबईत होते. ती चांगली आली तर बायोप्सी टळेल." मग त्यांनी बाबांना विचारलं, "लघवीला जळजळ होते?"

"नाय."

"बाकी काही त्रास?"

"काय नाय."

लघवीही तपासायला सांगितली होती. बाबांनी बाटली रिकामीच परत दिली. म्हणाले, "आता नाय लागली." मला शाळा गाठायची होती, म्हटलं, राहू दे. त्या दुसऱ्या रिपोर्टसाठी मात्र मी रजा टाकल्या, रक्त मुंबईला पोचवलं, हेलपाटे घातले. रिपोर्ट वाईट आला. बायोप्सी ठरली.

बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही. पण दुसऱ्याच दिवशी बाबांना हुडहुडी भरून ताप आला आणि आठवडाभर सलाईन लावून पडून राहावं लागलं. मी चहा आणायला गेले होते तेवढ्यात डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं आणि बाबांनी सगळं सांगून टाकलं. दोन महिने आग होत होती.

"जंतुसंसर्ग असला की दोन्ही आकडे फसवतात," डॉक्टर मला व्हरांड्यात म्हणाले. "आधी कळलं असतं तर औषध देऊन पुन्हा रक्त तपासलं असतं. सुई कदाचित लागलीच नसती."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन आईला विचारलं, तर तिला सगळं ठाऊक! रोज धने-जिऱ्याचं पाणी करून देत होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"असलं लेकीला सांगतात काय गो?" ती माझ्यावरच खेकसली.

मुंबईच्या मशीनवर रक्त चढवा, आकड्याला आकडा लावा, आणि इथे माणूस साधं खरं बोलायला तयार नाही! मी बाबांवर चिडले, आईवर चिडले, डॉक्टरांवरही चिडले. मला दोन मिनिटं बाहेर बसा म्हणायला त्यांचं काय जात होतं? पण मला तरी कुठे सुचलं? दर वेळी बाबांना खेटून खुर्चीत मीच बसलेली. अर्धी उत्तरं तर त्यांच्या आधी मीच द्यायचे.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी होती. या वेळी मी बाहेर बाकावर बसले. दार लागलं आणि आतून बाबांचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. पण ते बोलत होते, मध्येच हसत होते, पुन्हा बोलत होते. बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले तरी थांबेनात. एवढं माझ्याशी ते जन्मात कधी बोलले नव्हते. मला त्या डॉक्टरांचा हेवा वाटला, आणि स्वतःचा एवढा राग आला की चारचौघांत डोळे पुसायचीही लाज वाटली नाही.