करसनभाईंचे तीन बांबू

गिरनारवर डोली वाहताना मागच्या माणसाला फार काही दिसत नाही. बसलेल्याची पाठ, आणि चढ लागला की पुढच्याच्या टाचा. एकवीस वर्षं मी करसनभाईंच्या टाचा बघतोय. त्या पायरीला नुसत्या शिवायच्या नि उडायच्या. डोलीच्या बांबूच्या झोक्याशी त्यांचं पाऊल असं जुळायचं की ओझं निम्मं वाटायचं.

वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी डोली खांद्यावर घेतली. मध्ये थोरल्या मुलानं सुरतेला बोलावलं, तर आठ दिवसांत परत. म्हणे सपाट जमिनीवर पाय दुखतात.

यंदा होळीनंतर झोका बिघडला. पहिला विसावा आम्ही सातशेव्या पायरीवर घ्यायचो, तो चारशेवर आला, मग तीनशेवर. ओझं तेच, पायऱ्या त्याच, पण करसनभाईंच्या छातीचा नुसता भाता चालायचा. डोली टेकली तरी बसायचे नाहीत. बांबूवर थापा मारत फिरायचे.

"मेलाय हा," म्हणायचे. "लवतो, पण उसळत नाही. सगळं आपल्यालाच उचलावं लागतं."

तो टाकला, दुसरा आणला. तोही पंधरा दिवसांत मेला. तिसऱ्यासाठी तर त्यांनी दुकानातले वीसेक बांबू खांद्यावर नाचवून पाहिले. संतोकभाभी मला म्हणाली, "वजाभाई, मला बघायला आले तेव्हाही इतकं पारखलं नव्हतं यांनी."

मी हसलो. बांबू ठणठणीत आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या टोकाला तो उसळत होता. करसनभाईंची टाच मात्र पायरीवर बसायची, चिकटायची, आणि पोटरीला ती उपटून काढावी लागायची. हे सांगणार कसं? त्यात पायथ्याचा डोलीवाला नाथो रोज टोचायचा, "वजा, म्हाताऱ्याला कधी सोडतोस? दिवाळीपासून माझ्याबरोबर ये." मी त्याला नाही म्हटलं नव्हतं.

नवरात्रात राजकोटच्या रमीलाबेन डोलीत बसल्या. आजाऱ्यांना पुन्हा चालायला शिकवायचं त्यांचं काम, आणि आता स्वतःचाच गुडघा धरलेला. तिसऱ्या विसाव्याला करसनभाई बांबूला थापा मारायला लागले.

"त्याला कशाला मारता, भाई? इकडे या." त्यांनी करसनभाईंच्या टाचेमागची शीर चिमटीत धरली. "बांबू ही आहे. ताणते, उसळते, पाऊल फुकटात उचलून देते. वयानं सैल पडते. मग तिचं काम पोटरीच्या माथी येतं, म्हणून दम जास्त लागतो. तुम्ही आळशी नाही झालात. त्याच पायऱ्या तुम्हाला महाग पडतायत."

"बदलून मिळते का?"

"नाही. पायरीच्या कडेवर उभं राहून रोज टाचा वर-खाली करा. थोडी ताठ होईल. विशीतली नाही होणार."

वर पोचून आम्ही डोली टेकली. रमीलाबेन अंबाजीच्या दर्शनाला गेल्या, तर करसनभाई कठड्यापर्यंत जात नि परत येत. शेवटी माझ्यासमोर थांबले.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"होळीपासून."

"आणि तीन बांबू आणू दिलेस."

"तुम्हीच म्हणत होता, मेलाय."

"मी म्हणेन. तू कशाला ऐकलंस?" पुन्हा एक फेरी. "नाथो बोलावतोय ना? सगळ्या पायथ्याला ठाऊक आहे. जा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला आणि त्याच्या भावाला आपल्यात घेऊ. चौघांची डोली करू."

"चौघं मढ्याला लागतात."

"मग मी कुणाबरोबरच जात नाही. घरी बसतो."

"बसशील तू. तासाभरात संतोकपाशी गाठिया मागत येशील." ते हसले नाहीत. कठड्यापर्यंत गेले, या वेळी उशिरा परतले. "चौघं तर चौघं. पण डोली कुठे टेकायची ते मी सांगणार. नाथोनं हूं की चूं करायचं नाही."

"नाही करणार," मी म्हटलं.

नाथोला यातलं अजून काहीच ठाऊक नव्हतं. उतरताना सगळ्या वाटेत मी त्याला काय सांगायचं तेच जुळवत होतो.