एका दाराला एकच पाटी

"ती टेप आधी खाली ठेवा. तीस वर्षं लोकांच्या पाट्या मोजल्यात, आता बायकोची नवी पाटी मोजताय?"

"मोजली म्हणून तर कळलं. तीन बाय दोन. सहा चौरस फूट! परवाना लागतो याला."

शिंपीणबाई दातांत टाचणी धरून बोलत होती, त्यामुळे राग जरा गाळूनच बाहेर येत होता. नवरा परवाना खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला. नोकरीत त्याने न्हाव्यांच्या, डॉक्टरांच्या आणि एकदा तर सख्ख्या मेहुण्याच्या दुकानाची पाटी उतरवली होती. मेहुणा अजून बोलत नाही. याला त्याचं वाईट वाटत नाही. पाटी चार इंच पुढे आली होती.

"काल तिसरी बाई गल्लीतून परत गेली. हातात कापड घेऊन आलेली! घर सापडेना म्हणून बाजारातल्या शिंप्याकडे वळली. असंच चाललं तर मशीन काय शोभेला ठेवू?"

"रीतसर अर्ज कर. चार महिन्यांत मिळतो परवाना."

"तोवर बायका काय चादरी गुंडाळून बसतील?"

भाजी निवडणाऱ्या सुनेने मान वर केली. "बाबा, परवाना लागतच नाही अशी एकही पाटी नसते का?"

निवृत्तीनंतर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो ताठ बसला. चष्मा पुसला.

"कलम सात. राहत्या घराच्या दारावर, राहणाऱ्याचं नाव आणि चालू व्यवसाय सांगणारी पाटी. दोन चौरस फुटांच्या आत. वर दिवा नको. आणि एका दाराला एकच. ही शेवटची अट मी घालायला लावली. लोक दारं भरून टाकायचे."

दाराला एक होतीच. पितळी, दीड चौरस फूट. वर त्याचं नाव, खाली 'निवृत्त परवाना निरीक्षक'. दर रविवारी ती घासून लखलखीत करायची शिंपीणबाईच.

तिने तोंडातली टाचणी काढून उशीत खोचली, त्याच्या हातून टेप घेतली आणि दाराकडे गेली. पितळी पाटी उभी-आडवी मोजून परत आली.

"अहो, निवृत्ती हा चालू व्यवसाय धरतात का तुमच्या कलम सातमध्ये?"

त्याने चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला. नियम तोंडपाठ होता, म्हणूनच.

"ऐका दोघंही," ती म्हणाली. "उद्या सकाळी पितळेची पाटी उतरेल आणि त्या जागी माझी लागेल, दीड चौरस फुटाची. यांची आतल्या खोलीत लावायची. आणि रविवारी ती यांनी स्वतः घासायची."