भातकापणीत पाय गेले

खाचरात उकिडवी बसून भात कापत होते. ओळ संपली, पुढं सरकायचं म्हणून उठायला गेले, तर उठताच येईना. पाय रुतलाय म्हणावं तर खाचर कधीच सुकलेलं. विळा बाजूला ठेवला, दोन्ही हात जमिनीला टेकून जोर केला आणि तशीच एका अंगावर कलंडले.

शेजारच्या ओळीत वहिनी होती. ती हसली.

"वन्सं, एवढ्यात दमलासा व्हय? उठा की."

"वहिनी, उठताच येईना."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विळा टाकून आली. काखेत हात घालून तिनं मला उभं केलं. हात काढला तशी मी पुन्हा खाली बसले.

एचआयव्हीच्या सरकारी गोळ्या पुण्यात नुकत्याच मिळायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नवरा त्याच आजारानं गेला. माझंही रक्त तपासलं, त्यातही तेच निघालं, आणि मी विंझरच्या पुढं आतल्या गावात, माहेरी आले. दादाला आणि वहिनीला खरं माहीत होतं. गावाला आम्ही टीबी सांगितला होता. गोळ्या मला अजून सुरू झालेल्या नव्हत्या.

पावसाळ्यापासून माझं पोट बिघडलेलं. खाल्लं की पळावं लागे. घरात संडास नव्हता. ओढ्याच्या अंगाला जायचं, आणि दिवसाढवळ्या किती वेळा जाणार? वाटेत कुणीतरी भेटायचंच. "पुन्हा निघालीस का गं?" असं कुणी विचारलं की अंगावर काटा यायचा. मग मी खाणंच कमी केलं. सकाळी कोरा चहा, दुपारी भाकरीचा तुकडा, रात्री पेज. पोटात काही नसलं की जावं लागत नाही, एवढाच हिशोब मी केला होता.

पोटऱ्यांत गोळे येत होते. वेणी घालताना हात भरून यायचे, मधेच खाली ठेवावे लागायचे. उंबरा चढताना मी चौकट धरायला लागले होते. अशक्तपणा असेल म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. आणि घरी नुसतं बसून राहणं मला जमतही नव्हतं. सगळे शेतात असताना मी एकटी घरात राहिले की मन नको तिकडं धावायचं. त्यापेक्षा कापणीला गेलेलं बरं.

दादानं मला पाठीवर घेऊन घरी आणलं. शेजारची म्हातारी आली, माझे पाय चाचपून म्हणाली, "वारं गेलं पोरीवरनं. लकवा हाय ह्यो." वहिनीनं कोमट तेल लावलं, तर मांडीला बोट लागलं तरी कळ मस्तकात जाई. सकाळी पाहते तर मान उशीवरून उचलत नाही. कुशीवर वळता येईना. लघवी झाली ती काळ्या चहासारखी. अंग दगडासारखं पडलेलं आणि डोकं मात्र क्षणभर थांबत नव्हतं. छातीत मधेच धडधड व्हायची, मधेच ठोका चुकल्यासारखं वाटायचं. मला उठायचं होतं. कुठं जायचंय ते माहीत नव्हतं, पण उठायचं होतं. मी सारखी म्हणत होते, "मला बसवा. मला बाहेर न्या."

दादानं विंझरहून जीप आणली. वाटेत एका खाजगी दवाखान्यात थांबलो. डॉक्टर जीपपाशी आले, माझा हात उचलून पाहिला. दादानं त्यांना बाजूला घेऊन आजार सांगितला. डॉक्टरांनी हात पुसले.

"आता नसांपर्यंत गेलंय ते. शेवटचंच समजा. घरी न्या, उगाच फिरवू नका."

मला सगळं ऐकू येत होतं. दादा परत आला आणि नुसताच दार धरून उभा राहिला. ड्रायव्हरनं विचारलं, "मागं फिरवू का?"

माझं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. ती आतून ओरडली, "शेवटचं असंल तर पुण्यातबी शेवटचंच असंल. तितं तर जाऊन बघू. फिरवू नका गाडी!"

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. आजार ऐकून ती मागं सरली नाही. तिनं पाय उचलायला सांगितला, तो उचलला नाही. मग तिनं कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"जुलाब किती दिवस होतायत? आणि खाता काय?"

वहिनी सांगायला लागली, "खात्यात की, दोन येळा—"

"न्हाई खात," मी म्हणाले. "पेज पिते. बाहेर जावं लागतं म्हणून खात न्हाई."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिली.

रक्त घेतलं, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. ती पट्टी पाहून डॉक्टरीण घाईघाईनं नर्सला हाका मारायला लागली. मग दादाला म्हणाली, "यांच्या रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय. जुलाबातून तो क्षार निघून गेला, आणि खाण्यातून आलाच नाही. त्याच्याशिवाय स्नायू चालत नाहीत. पायाचेही नाहीत आणि हृदयाचेही नाहीत. स्नायू झिजून विरघळायला लागलेत, म्हणून लघवी तशी होतेय."

"बरी व्हईल का?" दादानं विचारलं.

"आजार आहे तो राहणार. पण हे भरून निघतं."

सलाईनमधून ते औषध सोडलं तेव्हा हातात निखारा घातल्यासारखी आग झाली. सुई उपटून टाकावी असं वाटे, पण दुसरा हात तिथवर पोचत नव्हता. वहिनी थंड पाण्याची घडी ठेवायची आणि मी तिच्यावरच खेकसायचे. संध्याकाळी पायाचा अंगठा हलला. दुसऱ्या दिवशी गुडघा वर घेता आला, आणि मी तो दिवसभर घेत आणि सोडत राहिले. शेजारच्या खाटेवरची बाई कंटाळून म्हणाली, "आता निजा की वाईच!" पण मला भीती होती, थांबले तर पुन्हा जाईल.

भिंतीला धरून चालायला लागले तेव्हा तिथंच गोळ्यांसाठी नाव घातलं. पोटावरचे उपचारही झाले. घरी आल्यावर एक भयंकर खारट औषध पाण्यातून प्यायचं होतं. त्यावर वहिनी केळं पुढं करायची आणि संपेपर्यंत समोरून हलायची नाही. एकदा मी चिडले तर म्हणाली, "मला म्हायती असतं तर म्या तुमच्यासंगं ओढ्यावर आले नसते का? लोकांनी दोघींना इचारलं असतं."

उन्हाळ्यात दादानं घरामागं संडास बांधला. गावात तेव्हा ते नवल होतं. कुणी कारण विचारलं तर तो म्हणे, "घरात बायामाणसं हायत," आणि विटा रचत राही.

आता गोळ्यांना बरीच वर्षं झाली. पोटऱ्या अजून कधीमधी वळतात. मग मी रक्त तपासून येते, आणि कागद हातात पडेपर्यंत हॉस्पिटलच्या आवारात फेऱ्या मारत असते. बाकावर जागा असली तरी बसत नाही.