आईच्या लुगड्याचा काठ

बाजारातून येताना रस्त्यात बियाण्याचं रिकामं पाकीट दिसलं, की सुभद्रामावशी डोक्यावरच्या टोपल्यासकट खाली वाकायच्या. टोपलं कधी पडलं नाही. शेजारून चालणाऱ्या माझाच जीव खालीवर व्हायचा. "एवढा चांगला लाल रंग लोकं फेकून देऊन राह्यले, बाई! डोळे फुटले का यांचे?" असं म्हणत त्या पाकीट कमरेला खोचायच्या.

नव्वदच्या सुमारास टेंभुर्णीच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी त्यांच्याकडे भाड्यानं राहिले. ओसरीची भिंत पुठ्ठ्यांनी भरलेली. पाकिटांचे तुकडे पिठाच्या खळीनं चिकटवून केलेली झेंडूची फुलं, मोर, शेळ्या, बाजाराला निघालेल्या बाया. उरलेल्या जागेत रंगपेटीतले भडक रंग. प्रत्येक जनावराच्या तोंडात एक फूल असायचंच.

"मावशी, तुमची शेळी फुलं खाते?" मी चिडवायची.

"खाऊ द्या की. जल्मभर पालाच खावा का तिनं?"

सगळ्यांत मोठ्या पुठ्ठ्यावर त्यांची आई होती. मावशी लहान असतानाच ती गेली. तिचा फोटो कुठेच नव्हता. चेहरा आठवून आठवून रंगवलेला, लुगडं हिरव्या पाकिटांचं. एका वर्षी त्यांच्या यजमानांनी, अण्णांनी, शेतात कपाशीची सरकी लावली आणि मावशींनी त्याच दिवशी पाकीट कापून लुगड्याला काठ लावून टाकला. सरकी काही उगवली नाही. दुकानदार म्हणाला, लॉट नंबराचं पाकीट आणा, बियाणं बदलून देतो. आता पाकीट कुठाय? आईच्या अंगावर!

अण्णांचा पारा चढला. "फाड ते चित्र!"

"आईला फाडू?"

"मंग रान पडीक ठेवू?"

मावशींनी पुठ्ठा काखोटीला मारला आणि थेट दुकान गाठलं. मीही मागोमाग गेले. काठावरचा नंबर वाचून दुकानदार हसत सुटला. "नंबर बराबर हाय मावशी, पण पाकीट कंपनीला धाडावं लागतं. चित्र ठेवून जा."

"माझी आई दुकानात न्हाई राहत," मावशी म्हणाल्या. त्याच्याकडूनच ब्लेड मागून घेतलं आणि तिथंच बसून काठ हळूहळू सोलून काढला. नवं बियाणं घेऊन आम्ही घरी आलो.

दुसऱ्यांदा लावलेली सरकी मात्र तरारून आली. मावशींनी शेतात जाऊन ती डोळ्यांनी पाहिली, मगच नव्या पाकिटाचा काठ लावला. पुढे तो नेमच झाला. दर वर्षी सरकी उगवली, की आईला नवा काठ. "उगवल्याबिगर कात्रीला हात लावायचा न्हाई, बिलकुल न्हाई," त्या मलाच दटावायच्या, जणू मीच पाकीट कापलं होतं! मग काठावरून हात फिरवत म्हणायच्या, "ती जिती असताना लुगडं घ्यायला मी मोठी कुठं झाल्ते?"

पुढे माझी बदली जालन्याला झाली. मावशी गेल्याचं तिथंच कळलं. जायला उशीर झाला, पावसाळा लागला होता. ओसरीत अण्णा एकटेच बसले होते. भिंतीवर आई जागच्या जागी होती. लुगड्याचा काठ मात्र नवाकोरा, पिवळाधमक आणि चांगलाच वाकडा. मी बघतच राहिले.

अण्णा ओशाळले. "खळ पातळ झाल्ती," म्हणाले. "पण सरकी उगवून आल्ती, बाई. मंग सासूबाईला जुन्या लुगड्यावर कसं ठेवायचं?"